चपट्या कृमींच्या स्लाइड्स: काळ्या का पडतात, आणि लेबलवर वर्ग कोणता लिहायचा?

खडूफळा

पदव्युत्तर प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी चपट्या कृमींच्या कायमस्वरूपी स्लाइड्सचा संच नव्याने करायचा आहे. नमुने कत्तलखान्यातून आणि कोंबडीच्या दुकानातून मिळतात: म्हशीच्या रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या कप्प्यातले) अ‍ॅम्फिस्टोम, यकृतातले फॅसिओला (हे दोन्ही पर्णकृमी), बकरीच्या आतड्यातला मोनिएझिया आणि कोंबडीतला रायलेटिना (हे दोन्ही पट्टकृमी). सध्याची पद्धत अशी आहे: नळाच्या पाण्यात धुवायचे, दोन स्लाइड्समध्ये दाबून दोऱ्याने बांधायचे, रात्रभर एएफए (स्थिरीकरणाचे द्रावण), रात्रभर बोरॅक्स कारमाइन (लाल रंग), मग ७०, ९०, १०० टक्के अल्कोहोल प्रत्येकी दहा मिनिटे, झायलीन (पारदर्शक करायला) आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायला).

अडचणी तीन. अ‍ॅम्फिस्टोम सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा गोळा दिसतो, वृषण कुठले आणि अंडाशय कुठले ते कळत नाही. पावसाळ्यात केलेल्या स्लाइड्स तर पांढुरक्या होतात. कोंबडीच्या पट्टकृमीचे डोके हाती लागत नाही, नुसते खंड मिळतात, आणि डोक्याशिवाय जाती सांगणार कशी? तिसरी अडचण लेबलची. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात टर्बेलॅरिया, ट्रिमॅटोडा (पर्णकृमी), सेस्टोडा (पट्टकृमी) असे तीन वर्ग आहेत, नव्या लेखांमध्ये टर्बेलॅरिया दिसतच नाही. मुलांना काय शिकवावे?

शिवाय या संघातले जिवंत काही सुरक्षितपणे दाखवता येईल का, तेही सुचवा.

कारमाइन

तुमच्या पद्धतीत आम्ल-अल्कोहोलची पायरीच नाही, काळेपणाचे मुख्य कारण ते. बोरॅक्स कारमाइनने आधी सगळाच प्राणी गडद रंगवायचा असतो आणि मग जादा रंग काढून घ्यायचा असतो. ७० टक्के अल्कोहोल १०० मिली, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ०.५ ते १ मिली. कृमी त्यात ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी बायनॉक्युलरखाली पाहा. कडा फिकट गुलाबी झाल्या, पण वृषण, अंडाशय आणि शोषक अजून गडद आहेत, तिथे थांबायचे. छोट्या पर्णकृमीला पंधरा मिनिटे पुरतात, जाड अ‍ॅम्फिस्टोमला काही तास लागतात. नंतर स्वच्छ ७० टक्क्यांत दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास. आम्ल आत राहिले तर वर्ष-दोन वर्षांत स्लाइड फिकी पडते.

रंग घरी करत असाल तर: बोरॅक्स ४ ग्रॅम, कारमाइन ३ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी १०० मिली. अर्धा तास उकळा, गार झाल्यावर ७० टक्के अल्कोहोल १०० मिली घाला, दोन-तीन दिवस ठेवून गाळा. गाळायचा कंटाळा केला की कृमीच्या अंगावर लाल कण बसतात आणि ते पुढे कशानेही जात नाहीत. कारमाइनच्या दर्जात फार फरक असतो. नव्या बाटलीतला रंग आधी एखाद्या टाकाऊ नमुन्यावर तपासा.

आता मुळापासून सांगतो, कारण निम्मा बिघाड रंगाच्या आधीच झालेला असतो.

धुणे: नळाचे पाणी बंद. पर्णकृमीचे आवरण जिवंत असते आणि पाणी आत घेते. कृमी फुगतो, आवरणाला फोड येतात, अंडी बाहेर फेकली जातात. सस्तन प्राण्यातल्या कृमींसाठी ०.८५ टक्के मिठाचे द्रावण करा, म्हणजे एक लिटर पाण्यात ८.५ ग्रॅम साधे सोडियम क्लोराइड, आयोडीनयुक्त मीठ नको. मासे-बेडकांतल्या कृमींसाठी ०.६५ टक्के. द्रावण कोमट असावे. अर्धा-एक तास त्यात ठेवून बरणी हलक्या हाताने हलवली की चिकट स्राव सुटतो. तो राहिला तर त्यावर रंग धरतो आणि वर राखाडी पडदा येतो.

मारणे: जिवंत कृमी थेट थंड एएफएमध्ये टाकला की आकसून गोळा होतो. मीठपाणी वाफा येईपर्यंत तापवा, उकळू नका, आणि अगदी थोड्या द्रावणात ठेवलेल्या कृमीवर एकदम ओता. तो पसरलेल्या स्थितीतच मरतो. लगेच स्थिरीकरण द्रावणात घ्या. गरम फॉर्मॅलिन ओतण्याचीही पद्धत आहे, पण धूर-कपाट नसेल तर ती नको.

स्थिरीकरण: एएफए म्हणजे ८५ टक्के अल्कोहोल ८५ मिली, बाजारचे फॉर्मॅलिन १० मिली, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल ५ मिली. रक्ताने भरलेल्या फॅसिओलाला मात्र एएफए वापरू नका. आम्लयुक्त फॉर्मॅलिन आणि रक्त एकत्र आले की तपकिरी-काळा साका बसतो. तिथे बफर केलेले फॉर्मॅलिन घ्या: बाटलीतले फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे फॉर्मॅलिनच्या हिशेबाने १० टक्के, पण फॉर्मल्डिहाइडच्या हिशेबाने ४ टक्के. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात आणि बाटलीतले फॉर्मॅलिनच ४ टक्क्यांवर आणतात. मग नमुना आतून कुजतो. साका आधीच बसला असेल तर पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणात तो विरघळतो. नंतर पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्क्यांत धुवा. पिक्रिक आम्ल कोरडे पडले तर स्फोटक असते. बाटलीत वर पाणी कायम असू द्या.

पांढुरकेपणा म्हणजे पाणी शिल्लक आहे, दुसरे काही नाही. १०० टक्क्यांची बाटली पावसाळ्यात वारंवार उघडली की ती १०० टक्के राहतच नाही. गाळण-कागदाच्या पुडीत निर्जल कॉपर सल्फेट बांधून बाटलीत ठेवा. पांढरी पूड निळी झाली की पुडी बदलायची. तुमची दहा मिनिटेही फार थोडी आहेत. अ‍ॅम्फिस्टोमच्या मधोमध उभ्या कापलेल्या अर्ध्या भागाला प्रत्येक पायरीवर एक ते दोन तास द्या, १०० टक्के दोनदा. परमिटमुळे शुद्ध अल्कोहोल मिळणे अवघड असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काम भागते.

झायलीनने जाड कृमी ठिसूळ होतो आणि कव्हरस्लिप दाबली की तडकतो. लवंगेचे तेल किंवा मिथिल सॅलिसिलेट वापरा. कृमी तेलात आधी तरंगतो, मग हळूहळू बुडतो आणि पारदर्शक होतो. मध्येच ढगाळ डाग दिसला तर परत १०० टक्क्यांत. डीपीएक्स आटते आणि जाड नमुन्याच्या कडेने हवा आत शिरते. त्यासाठी कॅनडा बाल्सम बरे. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली काचेचे तुकडे ठेवा, ४० अंशांच्या आत सपाट ठेवून दोन आठवडे वाळू द्या.

रवंथ

कारमाइन यांनी रसायन सांगितले, मी प्राण्याकडून सांगतो.

रुमेनमधला अ‍ॅम्फिस्टोम सबंध चढवायचा हट्ट सोडा. तो पान नाही, शंकू आहे. जाडीच इतकी की प्रकाश आरपार जात नाही, आणि पुरेसा दाबला तर अवयव जागचे हलतात. वंश ओळखण्यासाठी नॅसमार्क या संशोधकाने १९३७ मध्ये जी पद्धत रूढ केली ती मध्यरेषेतून घेतलेल्या उभ्या छेदावर आधारलेली आहे: मागचा मोठा शोषक, तोंडाजवळची ग्रसनी आणि जननछिद्राचा भाग, या तिन्हींतल्या स्नायूंची मांडणी. मायक्रोटोम (पातळ काप घेणारे यंत्र) नसेल तरी चालेल. ७० टक्क्यांत घट्ट झालेला कृमी मेणाच्या ताटलीत आडवा धरा, नवे ब्लेड घ्या आणि डोक्याकडून शेपटीकडे एकाच ओढीत मधोमध कापा. करवतीसारखे मागे-पुढे केले की कड फाटते. दोन्ही अर्धे रंगवा.

एकाच म्हशीच्या पोटात तीन-चार वंश मिसळलेले असतात, त्यामुळे बरणीतले सगळे ‘पॅराम्फिस्टोमम’ म्हणून खपवू नका. पोटाच्या बाजूला पिशवी आहे का ते आधी पाहा. मधोमध आडवा काप घेतला की पिशवी पोकळीसारखी दिसते. पिशवी असेल आणि दोन वृषणे शेजारी-शेजारी असतील, गर्भाशय मध्यावर एका बाजूकडून दुसरीकडे जात असेल, तर गॅस्ट्रोथायलॅक्स. पिशवी आहे, पण वृषणे मध्यरेषेवर एक वर एक खाली आणि गर्भाशयही मधूनच जातो, तर फिशोएडेरियस. पिशवी नाही आणि जननछिद्राभोवती वेगळा शोषक आहे, तर कोटिलोफोरॉन. आणि म्हशीच्या पित्तनलिकेत मिळालेला जाड, मोठ्या शोषकाचा अ‍ॅम्फिस्टोम जायगँटोकोटाइल असतो. यकृतात मिळाला म्हणून त्याला फॅसिओला म्हणणारेही आहेत!

तोच प्रकार फॅसिओलाचा. पुस्तकातली आकृती फॅसिओला हेपॅटिकाची, पण आपल्याकडच्या म्हशींत मिळतो तो बहुतेक फॅसिओला जायगँटिका. हेपॅटिका साधारण २० ते ३० मिमी, खांदे ठळक, मागे निमुळता. जायगँटिका २५ ते ७५ मिमी, खांदे अस्पष्ट, दोन्ही कडा जवळजवळ समांतर. लेबलवर जाती लिहिण्याआधी फूटपट्टी लावा. स्लाइडसाठी लहान, कोवळा कृमी निवडा. एक नमुना न रंगवताच चढवा. आतड्यात भरलेल्या काळ्या द्रव्यामुळे आतड्याच्या फांद्या आपोआप उठून दिसतात. जननेंद्रियांसाठी दुसरा नमुना कोमट मीठपाण्यात काही तास ठेवा, तो आतडे रिकामे करतो.

कोंबडीचे डोके. आतडे कापल्यावर तासाभरात हाती यायला हवे, उशीर झाला की कृमी विरघळायला लागतो आणि मानेपाशीच तुटतो. मीठपाण्याच्या ट्रेमध्ये बोथट टोकाच्या कात्रीने आतडे उभे चिरा. कृमी दिसला की ओढू नका. रायलेटिना एकायनोबोथ्रिडा श्लेष्मल थरात इतका खोल रुततो की आतड्याच्या बाहेरून गाठी दिसतात. तिथे आतड्याचा तुकडाच कापून घ्या आणि थंड मीठपाण्यात फ्रिजमध्ये दोन-चार तास ठेवा. बहुतेक वेळा डोके स्वतः सुटते. नाही सुटले तर सुईने ऊतक बाजूला करत सोडवा. ट्रेखाली काळा कागद ठेवा, पांढरे डोके पांढऱ्या ट्रेमध्ये दिसत नाही.

उरलेले आतड्यातले द्रव्य फेकू नका. ते उंच बरणीत मीठपाण्याने ढवळा, दहा मिनिटे बसू द्या, वरचे ओता, पाणी निवळेपर्यंत पुन्हा-पुन्हा करा. डॅव्हेनिया प्रोग्लॉटिना जेमतेम ०.५ ते ४ मिमी आणि चार ते नऊ खंडांचा असतो. तो असाच मिळतो, डोळ्याने शोधून नाही.

डोक्यावरच्या आकड्यांसाठी रंगाची गरज नाही. डोके कापून हॉयर किंवा बर्लेझ माध्यमात उभे ठेवा आणि कव्हरस्लिप दाबा, आकडे चक्राकार पसरतात. कोंबडीत प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंना जननछिद्र दिसले तर तो रायलेटिना नव्हेच, कोटुग्निया आहे. मोनिएझियातही प्रत्येक खंडात जननेंद्रियांचे दोन संच असतात. त्याच्या दोन जाती खंडाच्या मागच्या कडेच्या ग्रंथींवरून ओळखा: पूर्ण रुंदीभर गोल गोल ग्रंथींची रांग असेल तर एक्स्पान्सा, फक्त मधोमध आखूड पट्टा असेल तर बेनेडेनी.

सुरक्षेचे दोन शब्द. माणसाचा टीनिया आणि कुत्र्याचा एकायनोकॉकस हे पट्टकृमी ताज्या स्वरूपात वर्गात आणू नका. टीनिया सोलियमची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत पुटी होतात. एकायनोकॉकसची अंडी नेहमीच्या फॉर्मॅलिनला आणि अल्कोहोलला दाद देत नाहीत, ती उष्णतेने किंवा उणे ७०-८० अंशांत काही दिवस ठेवून मरतात. मेंढी-म्हशीच्या यकृतातली हायडॅटिड पुटी (एकायनोकॉकसच्या अळीची) हाताळताना तो धोका नाही, पण ती फोडून उकिरड्यावर टाकली आणि कुत्र्याने खाल्ली की पुढचे चक्र सुरू झाले. उकळून मगच टाका.

वंशावळ

लेबलच्या प्रश्नाकडे येतो.

‘टर्बेलॅरिया’ म्हणजे अंगावर लोम (सूक्ष्म केस) असलेले, मोकळे राहणारे चपटे कृमी. अडचण अशी की सगळे परजीवी चपटे कृमी याच मोकळ्या कृमींच्या एका फांदीतून निघालेले आहेत. परजीवी बाजूला काढून उरलेल्यांना एक वर्ग म्हटले तर तो वर्ग वंशवृक्षाचा अर्धवट तोडलेला तुकडा होतो. म्हणून ते नाव आता वर्ग म्हणून वापरत नाहीत, ‘टर्बेलॅरियन’ असे सैलपणे बोलण्यात राहिले आहे.

आजची मांडणी अशी. संघ प्लॅटिहेल्मिन्थिस. त्यात दोन मुख्य शाखा, कॅटेन्युलिडा आणि रॅब्डिटोफोरा. पहिली लहान, बहुतांशी गोड्या पाण्यातली, साधी. दुसऱ्या शाखेत बाकी सगळे: मॅक्रोस्टोमम, समुद्रातले रंगीत पॉलिक्लॅड, प्लॅनेरियाचे ट्रायक्लॅडिडा, रॅब्डोसीला, आणि निओडर्माटा. एलर्स या संशोधकाने १९८५ मध्ये मांडलेल्या या निओडर्माटात ट्रिमॅटोडा, मोनोजीनिया (बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर-कातडीवर राहणारे परजीवी) आणि सेस्टोडा बसतात. मोनोजीनिया ही खरोखर एकच शाखा आहे की दोन, हा वाद अजून चालू आहे, पण लेबलसाठी ते नाव चालते. जुन्या पुस्तकांत मोनोजीनिया ट्रिमॅटोडातच धरलेले असत. ते आता चुकीचे.

निओडर्माटा एकत्र का, हे तुमच्या स्लाइडवरच दाखवता येते. या कृमींची अळी पोहताना लोमयुक्त पेशींनी झाकलेली असते. यजमानात शिरताना ती हे आवरण टाकून देते आणि खाली नवे आवरण तयार होते. त्यात पेशींच्या भिंती नसतात, सगळा जीवद्रव्याचा एक अखंड थर. केंद्रके मात्र स्नायूंच्या खाली बसलेल्या पेशीपिंडांत असतात, बारीक नळ्यांनी वरच्या थराला जोडलेली. फॅसिओलाचा आडवा छेद ४० च्या भिंगाखाली पाहा: वरच्या गुलाबी थरात एकही केंद्रक नाही, ती सगळी स्नायूंच्या आतल्या बाजूला. शेजारी प्लॅनेरियाचा छेद ठेवा: पोटाकडे लोमयुक्त पेशींची सरळ रांग, प्रत्येकीत केंद्रक, आणि मधून गडद रंगलेल्या बारीक काड्या, म्हणजे रॅब्डाइट. पट्टकृमीला आतडे नाही, तो सगळे अन्न या थरातूनच शोषतो, म्हणून त्याच्या थरावर सूक्ष्म उंचवटे दाट असतात. हे दोन छेद शेजारी दाखवले की वर्गीकरण पाठ करावे लागत नाही.

तुमच्या जुन्या संचात कॉन्व्होल्यूटा (एसीला गटातला समुद्री कृमी) असेल तर तो या संघातून काढा. एसीला गटाला ज्योतपेशींची (आत लोमांचा झुपका हलत असलेल्या पेशींची) उत्सर्जन संस्थाच नसते. १९९९ मध्ये १८एस आरआरएनएच्या जनुकावरून ते चपट्या कृमींपासून वेगळे असल्याचे दिसले. आता ते झेनासीलोमॉर्फा संघात धरतात. त्या संघाची जागा वंशवृक्षात नेमकी कुठे, यावर मतभेद आहेत.

परीक्षेचा अभ्यासक्रम जुनाच असेल तर लेबलवर ‘वर्ग टर्बेलॅरिया (जुनी मांडणी)’ आणि खाली ‘ट्रायक्लॅडिडा, रॅब्डिटोफोरा’ असे दोन्ही लिहा. मुलांचे गुण जाऊ नयेत आणि चुकीचेही शिकवले जाऊ नये, दोन्ही साधते.

खडूफळा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. दोन शंका राहिल्या. पट्टकृमी पसरण्यासाठी थंड नळाच्या पाण्यात ठेवायची पद्धत बऱ्याच नियमावल्यांत आहे, ती पूर्ण चुकीची का? आणि मोनोजीनियाचा एकही नमुना संचात नाही, तो कुठून मिळवावा?

कल्ला

मोनोजीनिया मिळवणे सगळ्यात सोपे. बाजारातून अगदी ताजा रोहू किंवा कटला घ्या, बर्फात तासन्‌तास राहिलेला नको. कल्ले कापून बाटलीत टाका, त्यावर १ ला ४००० फॉर्मॅलिन (एक लिटर पाण्यात ०.२५ मिली), अर्धा तास ठेवा आणि जोरात हलवा. कृमी सुटून तळाला बसतात. बारीक पिपेटने उचला.

हे कृमी मिलिमीटरच्या आतले. कारमाइनने त्यांचे काही भले होत नाही, ओळख मागच्या चकतीच्या कठीण आकड्यांवर ठरते. थेंबभर पाण्यात कृमी घ्या, कव्हरस्लिप ठेवा, गाळण-कागदाने पाणी ओढून आकडे सपाट करा आणि कडेने ग्लिसरीनमधले अमोनियम पिक्रेट सोडा. डोक्याकडे चार डोळ्यांचे ठिपके आणि कडेला १४ छोटे आकडे असतील तर डॅक्टायलोगायरस. तो अंडी घालतो. ठिपके नाहीत, कडेला १६ आकडे आणि पोटात आकड्यांसकट पूर्ण वाढलेले पिल्लू दिसते, तर गायरोडॅक्टायलस. त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढीही कधी कधी दिसते. विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी याहून चांगली स्लाइड नाही. ती जिवंत असतानाच दाखवा.

वंशावळ

थंड पाण्याबद्दल. पाण्याने पट्टकृमी सैल होतो हे खरे, पण तो फुगतो, खंडांची रुंदी बदलते आणि सूक्ष्म उंचवटे खराब होतात. नुसते डोके सोडवायला दहा-पंधरा मिनिटे चालतील, पण मोजमापाच्या नमुन्याला नाही. वर सांगितलेले गरम मीठपाणी तेच काम न बिघडवता करते.

हा मुद्दा मी ताणून धरतो, कारण वर्गीकरणाचे नुकसान इथेच झालेले आहे. मरळ माशाच्या आतड्यातल्या सेंगा वंशाच्या पट्टकृमींच्या भारतातून कितीतरी जाती वर्णन झाल्या, त्यांतल्या बऱ्याच पुनर्तपासणीत टिकत नाहीत. जाती वेगळी म्हणून दिलेले फरक म्हणजे डोके लांबट की त्रिकोणी, खंड रुंद की चौकोनी, वृषणांची संख्या थोडी कमी-जास्त. डोके आकसलेल्या स्थितीत मेले की त्रिकोणी दिसते, काचेत दाबले की रुंद होते. काचेत कच्चून दाबलेल्या एका कृमीवरून नवी जाती करायची नसते. आणि ज्या नमुन्यावरून जाती केली तो संग्रहालयात ठेवलेला नसेल, तर पुढच्याला तपासायलाही काही उरत नाही.

ओढाकाठ

जिवंत काय दाखवावे याचे उत्तर राहिले आहे.

प्लॅनेरिया: वाहत्या स्वच्छ ओढ्यात दगडाखाली असतात. कोंबडीच्या यकृताचा सुपारीएवढा तुकडा जाळीच्या कापडात बांधून सावलीत दगडाला लावा, तासा-दोन तासांनी उचला. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून वापरा, तांब्या-पितळेचे भांडे अजिबात नको, तांब्याने ते मरतात. आठवड्यातून एक-दोनदा यकृत द्या आणि दोन तासांत उरलेले काढा. बहुतेक मरतात ते उपासाने नाही, राहिलेल्या अन्नाने पाणी नासल्यामुळे. पुनर्जननासाठी कापण्याआधी आठवडाभर उपाशी ठेवा, भरल्या पोटी कापले की आतड्यातले द्रव्य जखमेत उतरते आणि तुकडे सडतात. यकृतात थोडी कोळशाची पूड कालवून दिली की तीन फाट्यांचे आतडे जिवंत प्राण्यातच काळे उठून दिसते.

सर्केरिया (पर्णकृमीची गोगलगायीतून बाहेर पडणारी, शेपटी असलेली अळी): तळ्यातल्या चपट्या वेटोळ्याच्या इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायी आणि पातळ शंखाच्या लिम्निया गोळा करा. एकेक गोगलगाय वेगळ्या बाटलीत, १० मिली पाणी. रात्रभर अंधारात, सकाळी दिव्याखाली दोन-तीन तास. अनेक बाटल्यांत काहीच मिळणार नाही, म्हणून पंचवीस-तीस तरी लावा. गर्द रंगाची, दोन डोळ्यांची, मागे मोठा शोषक असलेली सर्केरिया अ‍ॅम्फिस्टोमची. साध्या शेपटीची आणि बाटलीच्या काचेवर पाण्याच्या कडेला चिकटून लगेच पुटी करणारी फॅसिओलाची. शेपटी दुभंगलेली दिसली तर हात दूर: त्यांत शिस्टोसोमा (रक्तवाहिन्यांत राहणारे पर्णकृमी) असू शकतात आणि ते थेट कातडीतून शिरतात. जनावरांतले शिस्टोसोमा माणसात पूर्ण वाढत नाहीत, पण भातखाचरात उभे राहणाऱ्यांच्या पायाला येणारी खाज बरेचदा त्यांचीच असते. माणसातल्या शिस्टोसोमा हिमॅटोबियमचे केंद्रही आपल्याकडे सापडलेले आहे, रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी त्याची नोंद केली. तिथला मधला यजमान फेरिसिया टेन्युइस, म्हणजे वेटोळे नसलेली टोपीसारखी चिमुकली गोगलगाय. दगडाला चिकटलेली ती सहज नजरेतून सुटते. म्हणून नायट्रिल हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, अंगावर थेंब उडाला तर तो वाळायच्या आत पुसून ७० टक्के अल्कोहोल लावा.

साधी सर्केरिया स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिपखालचे पाणी हळूहळू काढा. ती थकून थांबली की १०० च्या भिंगाखाली अंगाच्या कडेला ज्योतपेशी फडफडताना दिसतात. प्रकाश कमी ठेवा आणि डायफ्रॅम बराच बंद करा, नाहीतर त्या दिसतच नाहीत.

पावसाळ्यात कुंडीत निघणारा पंख्यासारख्या डोक्याचा लांब कृमी म्हणजे बायपेलियम, तोही ट्रायक्लॅडिडातलाच. गांडुळे खातो. त्याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले आहे, त्यामुळे चिमट्याने उचला. बागेतून काढायचा असेल तर तुकडे करू नका, तुकड्यांतून नवे तयार होतात. मिठात किंवा व्हिनेगरमध्ये टाका.

कारमाइन

एक राहिले. प्रत्येक खेपेला दोन-तीन कृमी फॉर्मॅलिनमध्ये न घालता थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीझरमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून पुढे डीएनए नीट मिळत नाही. पट्टकृमीचे डोके स्लाइडसाठी आणि त्याच कृमीचे मागचे खंड अल्कोहोलमध्ये, दोन्हींवर एकच क्रमांक. स्लाइडच्या लेबलवर जातीच्या आधी हे लिहा: यजमान, शरीरातली जागा, गाव आणि तालुका, तारीख, कसे मारले, दाबले होते की नाही. जातीचे नाव पेन्सिलने लिहिले तर बरे, ते पुढे बदलू शकते.